मदतनिधी नेमका कुठे अडतो?
मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत दाता देश आणि मदतसंस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ करार झाला आणि २०२० पर्यंत संकटकाळातील मदतीचा किमान २५ टक्के निधी स्थानिक व राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोहोचवण्याचे ठरले. मुदत उलटली, उद्दिष्ट कागदावरच राहिले. याचे खापर अनेकदा स्थानिक संस्थांच्या ‘अपुऱ्या क्षमते’वर फोडले जाते, जे मला पटत नाही. दाता देशाचा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेकडे जातो, तिथून आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेकडे, आणि शेवटी स्थानिक संस्थेच्या वाट्याला बहुधा अल्पमुदतीचे उपकंत्राट येते, ज्यात हिशेबनिसाचा पगार किंवा कार्यालयाचे भाडे बसवणेही अवघड असते (लेखापरीक्षणाच्या अटी मात्र खालपर्यंत उतरतात). मग क्षमता वाढणार कशातून?