शौचाच्या जागी न दुखणारी गाठ: प्रत्येक मोड मूळव्याधीचा नसतो

धुताना बोटाला काहीतरी लागतं. वाटाण्याएवढं, मऊसर, दाबलं तरी दुखत नाही. आपल्याकडे याचा निकाल लगेच लागतो: ‘मूळव्याध झाली.’ मग मेडिकलमधून ट्यूब येते, मिरची बंद होते, आणि गाठ असते तिथेच राहते. राहणारच, कारण ती बऱ्याचदा मूळव्याधीची नसतेच.

आधी दुखण्याचं गणित बघू. गुदमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. त्यात साधारण मध्यावर करवतीच्या दात्यांसारखी एक रेषा असते. तिच्या वरच्या आवरणाला कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ कळत नाही, खालची कातडी मात्र बोटाच्या टोकाइतकी हळवी. म्हणून वरून खाली उतरलेला मोड सहसा दुखत नाही. बाहेरच्या कातडीतली गाठ दुखत नसेल, तर ती एकतर जुनी, निवलेली असते किंवा हळूहळू वाढणारी. न दुखणं ही काही सुरक्षिततेची पावती नव्हे.

सगळ्यात जास्त सापडतो तो कातडीचा लोंबता कोंब. कधीतरी कुंथल्यावर बाहेरच्या शिरेत रक्त गोठतं, जांभळी टणक गाठ येते आणि दोन-तीन दिवस बसणं मुश्किल होतं. काही आठवड्यांत रक्त जिरतं, पण ताणलेली कातडी पिशवीसारखी मागे उरते. चिमटीत धरली तर सैल लागते, रंग आजूबाजूच्या कातडीचाच, आत ढकलता येत नाही, महिनोन्‌महिने आकार तोच. यावर कुठलंही मलम चालत नाही. त्रास असतो तो स्वच्छतेचा: घडीत ओल आणि मळ राहतो, खाज सुटते. साबण न घासता पाण्याने धुवून, टिपून कोरडं केलं की बहुतेकांचं भागतं. कापून काढता येतो, पण जखम दोन-तीन आठवडे ठणकते. नुसत्या दिसण्यासाठी हा सौदा महागच.

हाच कोंब बरोबर मागच्या मध्यरेषेवर, माकडहाडाच्या बाजूला असेल आणि शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं होत असेल किंवा पूर्वी झालं असेल, तर वर जुनी फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर, आहे का ते बघावं लागतं. नुसता कोंब छाटून चीर तशीच ठेवली, तर दुखणं जागच्या जागी राहतं.

खरा आतला मोड ओळखायचा तो वागण्यावरून. कुंथल्यावर बाहेर येतो, ओलसर, गुलाबी-लाल दिसतो. उठल्यावर आपोआप आत गेला तर दुसरा टप्पा, बोटाने ढकलावा लागला तर तिसरा, जातच नसेल तर चौथा. रक्त लालभडक, थेंब थेंब, वेदनेशिवाय. अडचण अशी की तपासणीच्या टेबलावर आडवं झालं की मोड आत पळतो. तेव्हा बाहेर असताना मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. लाज वाटते, पण डॉक्टरांचं काम सोपं होतं. फोटोत घड्या सायकलच्या आऱ्यांसारख्या दिसल्या तर मोड असण्याची शक्यता जास्त. गोल कड्यांसारख्या दिसल्या तर ते बाहेर सरकलेलं गुदाशय, म्हणजे अंग बाहेर येणं. त्याचे उपचार पूर्ण वेगळे.

खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे, एकाचे चार होणारे कोंब म्हणजे चामखीळ. एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार बहुतेकदा याला कारणीभूत असतात. संसर्ग शरीरसंबंधातून येतो आणि कित्येक महिन्यांनी दिसू शकतो, त्यामुळे ‘आत्ता कुठून आलं’ यावरून घरात भांडण्यात अर्थ नाही. जोडीदाराचीही तपासणी करावी. चुना-सोडा किंवा पायाच्या भोवरीची पट्टी इथे लावू नका, कातडी भाजून व्रण पडतो. तुरे चपटे, ओले, करडे असतील तर व्हीडीआरएल ही रक्ततपासणी हवीच. ते सिफिलिसचे असू शकतात. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं, कापण्याचा उपयोग नसतो.

फोडासारखी छोटी गाठ, मधूनच पू किंवा पाणी सोडते, चड्डीला डाग पडतो, मग आठ दिवस सगळं शांत: हे भगंदराचं, म्हणजे आतून कातडीपर्यंत आलेल्या नळीसारख्या वाटेचं, बाहेरचं तोंड असण्याची शक्यता मोठी. तोंड बंद झालं की लोक बरं झालं समजतात आणि पुढच्या वेळी गळू घेऊनच येतात. वारंवार होत असेल तर ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याची क्षयासाठीही तपासणी करून घ्यावी.

आता ज्याची धास्ती असते ते. दगडासारखी घट्ट, खालच्या थराला चिकटलेली, वाढत जाणारी, मध्ये न भरणारा व्रण असलेली गाठ; जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ; शौचाची सवय बदललेली, वजन उतरलेलं. यातलं काहीही असेल तर थांबू नका, गाठीचा तुकडा तपासायला द्या. गुदद्वाराचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेकदा किरणोपचार आणि केमोथेरपीवर बरा होऊ शकतो, मोठ्या ऑपरेशनशिवाय. वर्षभर ट्यूब लावण्यात ही संधी जाते. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडही असतं. आठवड्यापेक्षा जास्त लावलं तर कातडी पातळ होऊ शकते.

तपासणी लोकांना वाटते तेवढी भयंकर नसते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. आधी नुसती नजर, मग जेली लावलेलं बोट, मग प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत बघायची छोटी नळी. सगळं मिळून काही मिनिटं, उपाशी राहायची गरज नाही. न बघताच गोळ्या लिहून दिल्या जात असतील तर तपासणी मागून घ्या. रक्त जात असेल आणि वय चाळिशीपुढे असेल, तर मोड सापडला तरी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करायची का, हे त्याच भेटीत विचारा. मोड आणि वर आतड्यातली गाठ एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.