डुलणारी अक्षरं, पक्के सांधे

मुलांच्या प्रदर्शनाचा फलक छपाईला जाण्याआधी त्याची फाइल तपासायला माझ्याकडे आली. मथळा ‘गंमतजंमत’, हातानं रेखल्यासारख्या खेळकर फॉन्टमध्ये. निवड अगदी योग्य होती: जाड अंग, गोलसर टोकं, किंचित कललेले काने. तरीही नमुना प्रतीत शब्द तुटलेला दिसत होता.

पहिलं कारण लगेच सापडलं. शब्द ऐसपैस दिसावा म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, ६० ठेवलं होतं. रोमन कॅपिटल अक्षरांत ते खपतं. देवनागरीत शिरोरेघ उघडी पडते. ट्रॅकिंग शून्यावर आणलं. रुंदी हवीच असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा, रेघ फाडू नये.

रेघ जुळली, पण म आणि त यांच्यात बारीक पायरी राहिली. फॉन्ट एडिटरमध्ये पाहिलं, तर म ची शिरोरेघ उजव्या कडेला ६४० एककांवर संपत होती आणि त ची डाव्या कडेला ६३४ वर सुरू होत होती. एम चौकोन, म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढा कल्पित चौकोन, १००० एककांचा. २४ पॉइंटला हा फरक ०.१५ पॉइंटही भरत नाही, म्हणून पडद्यावर कुणाला दिसला नव्हता. फलकावर मात्र एम १ मीटरचा होता, म्हणजे सरळ ६ मिलिमीटरची पायरी!

हाताचा थरथराट दाखवायचा तो रेघेच्या मधल्या भागात, कान्यात, पोटाच्या गोलाईत. कडांना प्रत्येक अक्षराच्या रेघेची उंची आणि जाडी तंतोतंत एकच हवी, आणि रेघ अक्षराच्या रुंदीबाहेर १५-२० एककं गेलेली हवी. फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे बदलांची मुभा देणाऱ्या परवान्याचा, असल्यानं दुरुस्ती करता आली. मूळ नाव राखीव असेल, तर बदललेल्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागतं.

याच बाहेर गेलेल्या रेघेमुळे मथळ्याला किनार दिली की प्रत्येक सांध्यावर उभ्या रेषा उमटतात. उपाय सोपा: आधी मजकुराची प्रत राखून ठेवायची, मग अक्षरांचे रेखाकार (आउटलाइन) करून ते एकसंध जोडायचे, आणि किनार शेवटी द्यायची.

आता ‘मत’ची जोडी. शब्दात ती दोनदा येते आणि दोन्ही म हुबेहूब सारखे दिसले की हातानं काढल्याचा भास तिथेच संपतो. फॉन्टमध्ये म चे तीन पर्याय होते, पण प्रोग्रामात संदर्भानुसार पर्यायी अक्षरं निवडण्याची सोय बंद होती. ती चालू करताच दुसऱ्या म ची गाठ थोडी खाली, पोट थोडं फुगीर झालं. पर्यायांची रुंदी आणि कडा मात्र मूळ म सारख्याच ठेवाव्या लागतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात होती. तिथला मजकूरही याच फॉन्टमध्ये, ११ पॉइंटला. ध आणि भ यांच्या शिरोरेघेतली खाच या फॉन्टमध्ये जेमतेम ३० एककांची, म्हणजे छापील ०.१२ मिलिमीटर. शाई पसरली की ती बुजते. मग ‘धन’ चा ‘घन’ आणि ‘भरण’ चं ‘मरण’ होतं. मजकुराला साधा वाचनीय फॉन्ट लावला. खेळकर फॉन्टमधली खाच ७० एककांपर्यंत रुंद केली, पण ११ पॉइंटला तो तरीही वापरू नये. २४ च्या खाली त्याच्या जाड अंगाला पोटातली मोकळी जागा पुरत नाही.