उन्हाचा हिशेब: ट्रेलर घेऊन जंगलात राहताना

पहाटे चार वाजता आईने मला हलवून उठवलं. "बाबांचं मशीन बंद पडलंय गं." पिकअपमागे ओढायच्या आमच्या घरवजा ट्रेलरमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत होती. झोपेत बाबांचा श्वास अडकतो म्हणून ते रात्री सीपॅप मशीन लावतात. ते बंद होतं आणि फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणाऱ्या हीटरचा, पंखाही थांबला होता. बॅटरीचा आकडा ११.७ व्होल्टवर आला होता, म्हणजे बॅटरी संपलीच होती. नवऱ्याने पिकअप सुरू करून ट्रेलरची केबल जोडली, आईने दोन्ही गोधड्या बाबांच्या अंगावर घातल्या आणि आम्ही सगळे उजाडायची वाट बघत बसलो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टची, ऑक्टोबरमधली. ही जागा सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे आणि त्या महिन्यात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. इथल्या सरकारी जंगलात ठरावीक कच्च्या रस्त्यांच्या कडेला साधारण १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो. नळ नाही, संडास नाही, विजेचा खांब नाही. याला इथे बूनडॉकिंग म्हणतात. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. हॉटेलच्या खोल्यांपेक्षा असा मोकळा मुक्काम त्यांना आवडेल असं मला वाटत होतं, आणि तो त्यांना आवडलाही. म्हणून ती रात्र मला फार लागली, आणि त्यानंतरच ट्रेलरची सोलरची व्यवस्था आम्ही नव्याने केली.

फर्नेस गॅसवर चालते, मग बॅटरीचा काय संबंध, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवरच चालतो आणि तो सात-आठ अँपिअर ओढतो.

सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "बॅटरी केवढी आहे? पाणी टाकता का तिच्यात?" लोडशेडिंगच्या काळात आमच्या घरी इन्व्हर्टर होता आणि दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम बाबांचं. त्यांनी कागद मागितला आणि एकेक वस्तू लिहायला घेतली. फर्नेस रात्री दहा तासांतला निम्मा वेळ चालते, म्हणजे ३५ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). सीपॅप २०. फ्रिज गॅसवर असला तरी त्याचं सर्किट दिवसभरात १२ घेतं. दिवे, पाण्याचा पंप, फोन, गॅसगळतीचा अलार्म मिळून १०. बेरीज ७७. आणि आमची बॅटरी ८० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड! ती निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे हाताशी खरे चाळीसच.

सोलर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पॅनल बघायला लागतात. आम्हीही तेच केलं होतं. ट्रेलरच्या छतावर १०० वॅटचा पॅनल होता, ॲरिझोनात ऊन भरपूर, आता काय कमी? मला मनापासून सांगावंसं वाटतं की आधी रात्रीचा खर्च मांडा, त्यावरून बॅटरी ठरवा आणि पॅनल सगळ्यात शेवटी बघा.

बॅटरी आम्ही लिथियम घेतली, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, १०० अँपिअर-अवरच्या दोन. महाग पडल्या, पण जवळजवळ पूर्ण वापरता येतात, वजनाला लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी आहेत आणि पाणी भरायची भानगड नाही. दोन दिवस ढग आले तरी निभावतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच: ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आतून कायमची खराब होते. लेड-ॲसिडमधून वायू निघतो म्हणून ती ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, बाहेर ठेवतात. लिथियमला ती अडचण नसल्याने आम्ही दोन्ही पलंगाखाली आणल्या, तिथे फर्नेसची ऊब असते. जवळच जाड वायर आणि फ्यूज. फ्यूजमध्ये काटकसर करू नका, इतक्या मोठ्या बॅटरीत शॉर्ट झालं तर वायर पेटायला वेळ लागत नाही. ट्रेलरचा जुना चार्जर लेड-ॲसिडसाठी होता, १३.६ व्होल्टवर थांबायचा. लिथियम पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात, म्हणून तोही बदलला.

आता पॅनल. जंगलातल्या त्या जागी उंच पॉन्डेरोसा पाइन होते. छतावरचा पॅनल त्यांच्या सावलीत आणि बाजूच्या मोकळ्या जागेत लख्ख ऊन! पॅनलमधल्या चकत्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्याच पॅनलचा जोर जातो. मी नंतर बॅटरीचे आकडे दाखवणाऱ्या मॉनिटरसमोर उभी राहून पाहिलं. ९ अँपिअर येत होते, पाइनच्या एकाच फांदीची सावली आडवी आली आणि आकडा २ वर घसरला. म्हणून आम्ही निम्मं-निम्मं केलं: २०० वॅट छतावर कायमचे, प्रवासातही चार्ज होत राहायला, आणि २०० वॅटचा घडीचा पॅनल, जो उन्हात नेऊन ठेवता येतो. छतावरचे पॅनल पॅरलल जोडले, म्हणजे एसीच्या झाकणाची सावली एकावर पडली तरी दुसरा चालू राहतो.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो, तो एमपीपीटी प्रकारचा घ्या. साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकार पॅनलला खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो आणि वरचे व्होल्ट वाया जातात, एमपीपीटी त्यांचाच करंट करतो. थंडीत हा फरक जास्त जाणवतो. आणि तो बॅटरीजवळ बसवा, पॅनलजवळ नाही.

घडीच्या पॅनलचं दुसरं महत्त्व मला डिसेंबरमध्ये कळलं. ॲरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या वाळवंटात ला पोसा म्हणून मोठं सरकारी माळरान आहे. हिवाळ्यात तिथे हजारो ट्रेलर येऊन राहतात. एकही मोठं झाड नाही, सावलीचा प्रश्नच नाही. तरी छतावरचे पॅनल निम्मीच वीज देत होते. साताऱ्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो, इथे जेमतेम ३३ वर. आडव्या पॅनलवर ऊन तिरपं घसरून जातं. जमिनीवरचा पॅनल सूर्याकडे तोंड करून उभा केला की तेवढेच वॅट जवळजवळ दुप्पट काम करतात.

ज्यांना वर्षातून दोनदाच जायचं आहे, तंबूत किंवा भाड्याच्या गाडीत राहायचं आहे, त्यांनी या वायरिंगच्या मागे लागू नये. हजारेक वॅट-अवरचा (एक वॅट तासभर वापरला की एक वॅट-अवर) तयार पॉवर स्टेशनचा, म्हणजे आतच बॅटरी आणि प्लग असलेला डबा आणि एक घडीचा पॅनल पुरतो. स्वतःच्या ट्रेलरचा पंखा आणि पंप चालवायचा असेल तर मात्र बॅटरी ट्रेलरलाच हवी.

स्वयंपाकाचंही सांगते. ऊब किंवा उष्णता तयार करणारी प्रत्येक वस्तू बॅटरी खाते. पाच मिनिटं इलेक्ट्रिक किटली लावली की सव्वाशे वॅट-अवर गेले. म्हणून इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, घरी राहतो, वरण-भाताला प्रेशर कुकर आणि गॅस. पण आई मिक्सर लावायला कचरत होती, "एवढी वीज खाईल" म्हणून. ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर १७ वॅट-अवर होतात, फोन एकदा चार्ज करण्याइतके. हे सांगितल्यावर तिने खोबरं-लसणाची चटणी वाटली, मग आणखी एकदा वाटली, शेजारच्या ट्रेलरमधल्या आजींना द्यायला.

एसीचं स्वप्न आम्ही सोडून दिलं. तो तासाला सव्वा-दीड हजार वॅट-अवर खातो, आणि आमचा हिवाळ्यातला चांगला दिवसही जेमतेम बाराशे देतो.

ला पोसाला पॅनल फिरवायचं काम बाबांनी स्वतःहून घेतलं. सकाळी आठला पूर्वेकडे, दुपारी दक्षिणेकडे, तीनला पश्चिमेकडे. लहानपणी आजी गच्चीवरचं वाळवण असंच उन्हामागे सरकवत न्यायची, पापडाच्या साडीचं एकेक टोक धरून. बाबा पॅनलचे पाय सरकवायचे, मागे जाऊन त्याची सावली बघायचे, पुन्हा थोडं वळवायचे आणि मग आत येऊन मला आकडा विचारायचे.

तिथल्या पहिल्या रात्री मी चारचा गजर लावला होता. फर्नेस चालू होती, बाबांचं मशीन चालू होतं. मॉनिटरवर ६८ टक्के.