नवा पूल, वय शंभरच्या वर

आज शनिवारवाड्याकडून मनपाकडे जाताना नव्या पुलावर गाडी पंधरा मिनिटं अडकली. नवा कसला, १९२३चा! तेव्हाचा लॉइड ब्रिज, आताचा शिवाजी पूल. पण एकदा नवा म्हटला की पुणेकरांसाठी तो कायमचा नवाच.

शंभरी जवळ आली तेव्हा त्याची डागडुजी झाली. खाली दगडी कमानींची साफसफाई, वर पीएमपीच्या बस, रिक्षा, टू-व्हीलर चालूच. अशा कामात खरा शत्रू पिंपळ. सांध्यात मूळ शिरलं की दगड सरकतो. आणि तिथे नुसतं सिमेंट थापून भागत नाही, ओल आतच कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो.

कठड्यावरून वाकून बघत होतो, तेवढ्यात मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, सिग्नल सुटला!"