मार्च एंडिंग आणि साकुरा

मी बँकेत लागले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी एकदाही पुण्याबाहेर पडलेले नाही. मावसबहिणीचं लग्न ३१ मार्चला निघालं, तेव्हा पत्रिकेतल्या अक्षता मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि मुहूर्ताच्या वेळेला कॉम्प्युटरच्या दिशेने टाकल्या. अशा बाईने जपानला जाऊन साकुरा, म्हणजे तिथल्या चेरीची फुलं, बघायचं मनात आणावं आणि त्या फुलाने फुलायला नेमका हाच आठवडा धरावा, याला काय म्हणायचं?

टोकियोत साकुराची पहिली फुलं उमलण्याची सरासरी तारीख २४ मार्च, क्योतोत २६ मार्च. आणि पूर्ण बहर टोकियोत ३१ मार्चला. जपानचंही आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं आणि शाळा-कंपन्या १ एप्रिलला नव्याने सुरू होतात. म्हणजे तिथेही माझ्यासारखी कोणी ताळेबंद जुळवत बसलेली असणारच. फक्त तिच्या खिडकीबाहेर झाड असेल, माझ्या खिडकीबाहेर एटीएमचा एसी आहे. शिवाय तिथल्या ऑफिसांत नव्याने लागलेल्या पोराला सकाळीच निळी ताडपत्री देऊन बागेत पाठवतात म्हणे, संध्याकाळच्या फुलं बघायच्या पार्टीसाठी झाडाखाली जागा धरायला. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जपानचं खूळ घरात आणलं मुलीने. तोपर्यंत आमचं जपान सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात होतं. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिथल्या पाण्याकाठी फिरताना एका रविवारी मुलगी म्हणाली, ‘‘खरी बघूया ना. तुझ्या रिटायरमेंटची वाट बघत बसलो तर आजीचे गुडघे संपतील.’’ सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांचा असा जाहीर उल्लेख मनावर घेतला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘चेरीची झाडं म्हणतेस, मग चेऱ्या कोणत्या महिन्यात मिळतात?’’

मिळत नाहीत. ही झाडं फक्त फुलांची, त्यांना खाण्याजोगं फळ धरत नाही. अर्थात आपण तरी चेरी कुठे खाल्लीय? केकवर लाल होऊन बसलेली ती बहुतेकदा पाकात मुरवलेलं करवंद असते.

मग मी साकुरावर वाचायला घेतलं. त्यात पहिल्याच दिवशी कळलं की जपानभर जी जात सगळ्यात जास्त लावलेली आहे, त्या सोमेइ योशिनोचं प्रत्येक झाड कलमाचं आहे. हापूससारखंच. एकाच झाडाचा वारसा असल्यामुळे सगळ्यांचा स्वभावही एक. एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदम गळतात. मागे राहून उशिरा आलेल्यांना तोंड दाखवील असं एखादं गबाळं झाडही त्यांच्यात नाही.

बरं, सरासरी तारीख ही सरासरीच असते. टोकियोत २०२३ साली १४ मार्चला फुलं आली आणि लगेच पुढच्या वर्षी २९ मार्चला. पंधरा दिवसांचा फरक! क्योतोतल्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या मिळतात. बाराशे वर्षांच्या पासबुकात नोंदी आहेत, पण त्यावरून पुढची एंट्री सांगता येत नाही.

जाहीर करण्याची पद्धत मात्र मला फार आवडली. टोकियोपुरतं एक नमुन्याचं झाड ठरलेलं आहे, यासुकुनी मंदिराच्या आवारात. हवामान खात्याचा अधिकारी तिथे जातो, मान वर करून फुलं मोजतो. पाच-सहा उमललेली दिसली की टोकियोत साकुरा आला. ऐंशी टक्के उमलली की पूर्ण बहर. भोवती कॅमेरे, पत्रकार, आणि मधोमध सूट घातलेला एक माणूस फांद्यांत बघतोय. आपल्याकडे मान्सून केरळात आला हे ठरवायला चौदा केंद्रांपैकी साठ टक्के केंद्रांवर दोन दिवस लागोपाठ अडीच मिलिमीटर पाऊस पडावा लागतो, तसंच हे. फुलांची आघाडीही मान्सूनसारखीच दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. आओमोरीत सरासरी २२ एप्रिल, साप्पोरोत १ मे. वर्तमानपत्रांत नकाशे येतात, लोक त्यावर वाद घालतात. फक्त जूनमध्ये आपण वर बघून ढगांना शिव्या देतो, तशा ते फुलांना देत नसावेत.

आमच्याकडे हे खातं यजमानांनी घेतलं. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांच्या आसपास पोचली की फुलं येतात, असा एक ठोकताळा त्यांना सापडला. त्यांनी एक्सेल उघडलं. गेल्या फेब्रुवारीत आमच्या घरात पुण्याच्या नाही, टोकियोच्या थंडीवर चर्चा होत असे. ‘‘काल फक्त सात अंश होतं,’’ ते चहा घेता घेता खिन्नपणे सांगायचे. प्रवास पुढल्या वर्षीचा, ही नुसती रंगीत तालीम होती. बेरीज ६००ला पोचली आणि फूल दोन दिवसांनी आलं. हा फरक कशामुळे, याचं स्पष्टीकरण ते अजून शोधताहेत. दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत शाखेत बसतो, त्याला मात्र गेली सत्तावीस वर्षं हे हसत आलेत.

खरी अडचण होती माझ्या रजेची. १ एप्रिलला बँक ग्राहकांना बंद असते, आम्हाला नाही. त्यानंतर शाखेचं ऑडिट. कितीही हातपाय मारले तरी ८ एप्रिलच्या आत मी विमानात बसू शकत नाही. आणि ८ एप्रिलला टोकियोत काय असतं? ‘हाझाकुरा’. म्हणजे फुलं गळून कोवळी पानं फुटलेला साकुरा. जपानी माणसाने त्यालासुद्धा नाव देऊन ठेवलंय. पाकळ्यांच्या वादळाला वेगळं नाव, पाण्यावर साचलेल्या पाकळ्यांच्या थराला वेगळं (‘हानाइकादा’, फुलांचा तराफा), फुलांच्या दिवसांत मधेच परतणाऱ्या गारठ्यालाही वेगळं. तरी हाझाकुरा बघायला लाखांनी रुपये घालवायचे, हे घरात कोणाला पटेना. मुलीने मे महिना सुचवला. तर तिथे २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत सुट्ट्यांची रांग, अख्खा देश प्रवासाला निघालेला, हॉटेलं सोन्याच्या भावात.

मार्ग निघाला तो ओसाकाच्या टांकसाळीतून. साकुराच्या काही जाती उशिरा फुलतात, भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या, लहानशा शेवंतीसारख्या. ओसाकाच्या सरकारी टांकसाळीच्या आवारात अशा कितीतरी जातींची झाडं आहेत. १८८३ पासून, मोजकी वर्षं सोडली तर, दर एप्रिलमध्ये सात दिवस आतला सुमारे ५६० मीटरचा रस्ता लोकांना उघडतात. इकडून शिरायचं, तिकडून बाहेर पडायचं, उलट फिरायचं नाही. नेमक्या तारखा त्या त्या वर्षी जाहीर होतात, पण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे. हे वाचून मला इतकं बरं वाटलं! मार्च एंडिंगनंतर, लोकांची कामं उरकल्यावर, निवांत फुलणारी झाडं, आणि तीही नाणी पाडण्याच्या कारखान्यात. माझ्या खात्यातली फुलं ही.

टांकसाळ मधोमध रोवली आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बांधला. टोकियोत तीन दिवस. शिंजुकु ग्योएन बागेत उशिराच्या जाती पुष्कळ आहेत आणि आत दारू न्यायला बंदी, हे वाक्य सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. तिथून कानाझावा, तिथे आम्ही पोचेपर्यंत सोमेइ योशिनोसुद्धा थोडाफार टिकलेला असायची आशा. केनरोकुएन बागेला एरवी तिकीट, बहराच्या काही दिवसांत फुकट. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या कानाझावात होतो, आणि तिथे आइस्क्रीमच्या कोनावर सोन्याचं अख्खं पान लावून देतात. आपण बर्फीवर चांदीचा वर्ख लावतो तेव्हा कोणी फोटो काढत नाही. मी सोनेतारणाच्या काउंटरवर सहा वर्षं बसलेली बाई, सोनं खाण्याची कल्पनाच मला सहन होईना. मुलीने यादीत लिहून टाकलंय.

क्योतोत आम्ही निन्ना-जी देवळाची झाडं निवडली, तीही सासूबाईंसाठी. तिथला ओमुरो साकुरा उशिरा फुलतो आणि ठेंगणा असतो, दोन-तीन मीटरचा. मान वर करायला नको, फुलं नाकासमोर. जपानीत ‘हाना’ म्हणजे फूल आणि ‘हाना’ म्हणजे नाकही. त्यावरून तिकडे एक गाणं आहे, त्यात कोणी साधीसुधी बाई म्हणते की मी त्या ओमुरोच्या साकुरासारखी, हाना बसकं असलं तरी लोकांना आवडते. हे सांगितल्यावर सासूबाई प्रथमच मनापासून हसल्या. पुढे दोन दिवस त्या घरातल्या सगळ्यांची नाकं बघत होत्या.

आता जेवण. इथे आमची सगळी आखणी पुन्हा विस्कटली.

आम्ही तिघं मासे खातो. सासूबाई अंडंही खात नाहीत. जपानात ‘मांस नको’ म्हटलं की मांस येत नाही, पण सूप, भाजीचा रस, नूडल्सचं पाणी, सगळ्याच्या बुडाशी ‘दाशी’ असतो, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाच्या कीसाचा. आपल्याकडे फोडणीत मोहरी असते हे कोणी वेगळं सांगत नाही, तसं तेही सांगत नाहीत. त्यातून नावांचा घोळ. मुलीने मेन्यूवर साकुरा शब्द बघून आजीसाठी म्हणून दोन पदार्थ हौसेने टिपले होते. साकुराएबी निघाली सुरुगाच्या खाडीतली बारीक गुलाबी कोळंबी, आणि साकुरानिकु म्हणजे घोड्याचं मांस. रंगावरून पडलेलं नाव. तेव्हापासून यादी माझ्या हातात आहे.

मार्ग तिथेही आहे, देवळाचा. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ जेवण पूर्ण शाकाहारी. त्यातला दाशी कोंबु नावाच्या समुद्री पाल्याचा आणि सुकवलेल्या मशरूमचा. कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. म्हणजे त्यांच्याकडे कांदेनवमी एकदाच येऊन गेली आणि चातुर्मास संपलाच नाही. ओसाकाहून कोयासानला जाऊन एक रात्र मठात राहायचं, तिळाचा तोफू खायचा, पहाटे प्रार्थनेला बसायचं, असं ठरलंय. क्योतोत नानझेन-जी देवळाच्या परिसरात गरम पाण्यातला तोफू, ‘युदोफु’ मिळतो. यजमान म्हणाले, ‘‘म्हणजे पाण्यातलं पनीर?’’ ते ओसाकात ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं, खाणार आहेत आणि बाकी ठिकाणी गप्प बसणार आहेत.

वसंतातलं आणखी एक सापडलं, ते सासूबाईंना सांगताना मलाच भरून आलं. एप्रिलमध्ये तिथे बांबूचे कोंब येतात, ‘ताकेनोको’. जमिनीतून डोकं वर काढायच्या आत खणून काढतात, तांदळाच्या कोंड्यात उकडून त्यांचा कडूपणा घालवतात आणि भातात शिजवतात. सासूबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. ‘‘वास्ते गं ते!’’ त्या म्हणाल्या आणि पाण्यात किती दिवस ठेवायचे, कसे बारीक चिरायचे, हे तासभर सांगत बसल्या. जपानी लोकांनी त्यांना विचारायला हवं होतं, असा एकूण सूर होता.

आणि साकुरामोची. गुलाबी चिकट भाताचा गोळा, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण, वरून खारवलेलं साकुराचं पान. क्योतो-ओसाकाकडे असा गोळा, टोकियोकडे पातळ घावनात गुंडाळलेलं सारण. पानाला खरा वास येतो तो खारवल्यावरच. आमच्या घरातला सध्याचा वाद असा, की पान खायचं की सोलून टाकायचं? हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाताना पान सोलायचं असतं, त्याचा वास तेवढा घ्यायचा, यावर सासूबाई ठाम आहेत. पान खाणं म्हणजे केळीचं पान खाण्यासारखं. मुलगी म्हणते जपानात पुष्कळजण खातात. जपानातही यावर एकमत नाही असं कळल्यापासून दोघींनाही जोर चढलाय. ‘हाना योरि दांगो’ अशी तिकडे म्हण आहे, फुलांपेक्षा लाडू बरे अशा अर्थाची. फुलं बघायला म्हणून निघालेल्या माणसाचं लक्ष डब्याकडे असतं तेव्हा वापरायची. आमच्या एक्सेलमध्ये फुलांच्या ओळी सतरा आणि खाण्याच्या त्रेचाळीस आहेत.

रेल्वेचं मी माझ्याकडे ठेवलं, आकडेमोड होती म्हणून. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. ओळखीतले सगळे अजून ‘पास काढा, पास काढा’ म्हणतात. आमच्या मार्गाची सुटी तिकिटं जोडून पाहिली, पासाहून कमी भरतात. पास नको. टोकियोहून थेट क्योतोला गेलो असतो तर खिडकीतून फुजी दिसला असता, पण आम्ही कानाझावावरून वळसा घालतोय. यजमानांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. ऑडिट होईपर्यंत मी इथेच आहे, हे आधी सांगितलं, मग तारखा. साहेब खूश झाले. जपान म्हणजे काय विशेष, टोकियो वगैरे का, असं विचारलं. मी म्हटलं, ‘‘टोकियो आहेच, पण मुख्य म्हणजे ओसाकाची टांकसाळ.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे जरा काळजीने बघत म्हणाले, ‘‘मॅडम, निदान रजेत तरी…’’