पैलवानाने मागितलेले कारण

बेळगावात मानसोपचार करताना नैराश्याच्या रुग्णाला चालायला सांगणे नित्याचेच आहे. पण त्या सल्ल्याचे कारण मला खोदून विचारले ते येळ्ळूर भागातल्या एका जुन्या पैलवानाने. वय पन्नाशीपुढचे, तालीम कधीच सुटलेली, झोप उडालेली, शेताकडे फिरकणेही बंद झालेले. गोळ्या त्याने निमूटपणे मान्य केल्या, चालण्याचे नाव काढताच मात्र म्हणाला, “डॉक्टर, बिघडलंय डोस्कं, मग पाय हलवून काय होतंय की?”

‘मन प्रसन्न राहते’ एवढे सांगून आम्ही डॉक्टर बहुधा मोकळे होतो आणि रुग्णाला तो उपदेश वाटतो. याला स्नायूंचे कळत होते, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. आहारातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून (प्रथिनांच्या एका घटकापासून) शरीरात कायन्युरेनिन नावाचे द्रव्य बनते. ताण किंवा दाह दीर्घकाळ राहिला की ते वाढते, रक्तावाटे मेंदूत शिरते आणि तिथल्या पेशींना जाच करते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, व्यायामाने स्नायूंत जे प्रथिन वाढते त्याच्यामुळे तिथली काही विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार होतात आणि ती कायन्युरेनिनचे कायन्युरेनिक आम्लात रूपांतर करतात; या आम्लाला रक्तातून मेंदूत सहसा प्रवेश मिळत नाही.

“म्हणजे मांडीच रगात गाळून देती म्हणा की!” तो खुर्चीत सरळ बसत म्हणाला. पाठ्यपुस्तकातही इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

स्मृती आणि भावनांशी निगडित असलेल्या, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाबद्दलही मी सांगितले. २०११ च्या एका अभ्यासात १२० वयस्क व्यक्तींपैकी वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, आणि चेतापेशींना पोसणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाशी त्या वाढीचा संबंध दिसला होता. हे ऐकून त्याने थेट दंडबैठकांची परवानगी मागितली. गुडघे पाहता मी ती नाकारली आणि राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने, चालायला सांगितले.

व्यायाम इतका गुणकारी असेल तर गोळ्या कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न रास्तच होता. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला रस्त्यापर्यंत आणण्याचे काम आधी गोळीच करते. आता तो चालतो, शेतावरही जातो. गोळ्या कमी करण्याचा निर्णय मात्र आम्ही पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलला आहे, कारण इकडच्या संततधारेत त्याचे चालणे हमखास खंडित होते.