मेंदूच्या खोलात उजेड पोहोचवताना

चॅनेलरोडॉप्सिन-२ हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन असलेल्या न्यूरॉनला (मेंदूच्या पेशीला) जागं करायला ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश, प्रति चौरस मिलिमीटर साधारण १ मिलिवॅट एवढा पुरतो. पण मेंदूत निळा प्रकाश फार विखुरतो. एका मिलिमीटरपुढे हाती फारसं काही लागत नाही. २०० मायक्रॉनचा फायबर, म्हणजे प्रकाश नेणारा काचेचा तंतू, खोलवर पोहोचतो खरा, पण वाटेतली ऊती दाबत जातो आणि टोकासमोरचं सगळंच उजळून टाकतो. म्हणून सुईसारख्या सिलिकॉन प्रोबवर वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटा) कोरायचे आणि हव्या त्या खोलीवर ग्रेटिंगमधून, म्हणजे वेव्हगाइडवरच्या बारीक खाचांच्या जाळीतून, प्रकाश बाहेर काढायचा. सिलिकॉन दृश्य प्रकाश पिऊन टाकतं, त्यामुळे वेव्हगाइड सिलिकॉन नायट्राइडचे आणि भोवती सिलिकॉन डायऑक्साइड.

हिशेब आधी कागदावर मांडा. समजा, लेझरचे २० मिलिवॅट आहेत. फायबर-चिप जोडात १० डेसिबल, म्हणजे दहातले नऊ भाग, गेले की उरले २. एक सेंटिमीटर वेव्हगाइडमध्ये ३ डेसिबल, म्हणजे निम्मे, गेले, उरला १. प्रकाश दोन वाटांत विभागणाऱ्या स्प्लिटरमध्ये निम्मा, ग्रेटिंगवर पुन्हा निम्मा खालच्या बाजूला. शेवटी ०.२५ मिलिवॅट. २० बाय २० मायक्रॉनच्या ग्रेटिंगवर ही तीव्रता ६०० मिलिवॅट प्रति चौरस मिलिमीटरच्या वर जाते. भरपूर!

खरी डोकेदुखी पहिल्या जोडाचीच. तिथे हरवलेले १८ मिलिवॅट गायब होत नाहीत. काही उष्णता होतात, काही क्लॅडिंगमधून (वेव्हगाइडभोवतीच्या डायऑक्साइडच्या थरातून) वाट काढत नको तिथून बाहेर पडतात आणि मग भलत्याच पेशी पेटतात. यूव्ही गोंद सुकताना आकसतो, फायबर एखादा मायक्रॉन सरकतो आणि जुळवलेला जोड बिघडतो. गोंदाचा थर पातळ आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवा, थोडा-थोडा सुकवा, आणि प्रत्येक टप्प्यावर पॉवर मीटर बघा. भरकटलेला प्रकाश अडवायला जोडावर शेवटी काळं इपॉक्सी हवंच.

ग्रेटिंगचा कोन हवेत मोजून थांबू नका. हवेत ३० अंशांनी निघणारा किरण ऊतीत सुमारे २२ अंशांवर येतो. २०० मायक्रॉन अंतरावर ठिपका ३५ मायक्रॉन हुकतो, म्हणजे पेशीच्या देहापेक्षा जास्त. पाण्यात मोजा.

प्रोबवर इलेक्ट्रोडही असतील तर धातूवर प्रकाश पडताच व्होल्टेज उसळतं आणि ते थेट स्पाइकसारखं, म्हणजे न्यूरॉनच्या विद्युत संकेतासारखं, दिसतं. प्रकाशाचे तेच पल्स आधी सलाइनमध्ये, म्हणजे पेशी नसलेल्या मिठाच्या पाण्यात, द्या. तिथेही तोच आकार उमटला तर तो न्यूरॉनचा नाही. मग पल्सच्या कडा मिलिसेकंदभर उतरत्या करा आणि पुढच्या डिझाइनमध्ये इलेक्ट्रोड किरणाच्या वाटेतून बाजूला घ्या.